गाणारा कोणत्या कानात

गोंदियाहून देवरीमार्गे पुढे जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर नवीन जोडपं होतं. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक तिच्या.

“साक्षी, सदुसष्ट सालचा इंग्रजी अल्बम आहे. सायकेडेलिक. देवरीले तुझी माय भेटाच्या आत ऐकून घे. डोळे मिट, रंग दिसतात.”

“मले नुसता ढोल ऐकू येऊन राहिला.”

“आवाज ऐक ना त्याचा. मी रडलो होतो.”

“कोणाचा? गाणाराच नाही यात.”

“काऊन नाही? कवाचा गाऊन राहिला.”

“तुमच्याकडं गात असंन. माझ्याकडं वरात निघाली.”

“तवा तसंच करत. गाणं एका कानात, ढोल दुसऱ्या.”

“मंग मले ढोलच काऊन देल्ला?”

“घे, बदलव.”

“आता ढोल गेला.”

“पूरं ऐकाचं त दोन्ही टोकं एकानंच घालाव लागते.”

“आणा मंग. तुम्ही खिडकीतून पाहा, देवरी आली का सांगा.”

“कसं वाटते?”

“बोलू नका. गाणारा या कानातून त्या कानात जाऊन राहिला.”

“आता गाण्यात घंटी वाजते. तीच त मजा आहे.”

“वाजली.”

“ते कंडक्टरची व्हय. देवरी मागं राहिली.”

“खिडकीतून काय पाहून राहिले होते तुम्ही?”

“तुले पाहून राहिलो होतो. आवडते का नाही म्हणून.”

“आवडलं. आता घंटी तुम्ही वाजवा.”