शेरा सोडून सगळं

…आणि वर शांतपणे म्हणतो काय, ‘शेरा सोडून सगळं मिळेल, मॅडम.’ आता तुम्हीच सांगा, शेरा सोडून मला काय करायचंय? तारीख मिळेल, दुकान मिळेल, रक्कम पैशांसकट मिळेल… अहो, पण ते मला नकोच आहे, मला शेराच हवाय!

थांबा, नीट सांगते. क्रेडिट कार्ड माझ्या नावावर, पण त्याच्या ॲपचा ताबा आमच्या ह्यांच्याकडे. त्यात प्रत्येक खर्चाखाली शेऱ्याचा एक रकाना होता, चाळीस अक्षरांचा. आता माणूस कसा, तर जेवताना मीठ हवं असलं तरी मागायचा नाही, नुसता बरणीकडे बघायचा. पण रोज संध्याकाळी चष्मा कपाळावर चढवून त्या रकान्यात काहीतरी टाइप करणार म्हणजे करणार. ‘काय लिहिता एवढं?’ तर म्हणे, ‘हिशेब.’ मी कशाला बघायला जातेय हिशेब…

मागच्या वर्षी हे गेले. सात-आठ महिने मी ॲप उघडलंच नाही. उघडलं, तर ते आपलं आपण अपडेट होऊन बसलेलं, आणि शेऱ्याचा रकाना गायब.

लावला बँकेला फोन. एक दाबा, चार दाबा, गाणं ऐका, परत एक दाबा… शेवटी एक मुलगा आला. ‘मॅडम, ती सुविधा बंद झाली. जुने शेरे आमच्या आतल्या नोंदीत आहेत, एकतीस तारखेला पुसले जातील.’ ‘मग त्याआधी मला द्या की.’ ‘शेरा सोडून सगळं मिळेल.’ वरिष्ठांना बोलवा म्हटलं, तर बाई आल्या, आवाज अगदी मधात बुडवलेला. ‘आपली अडचण आम्ही समजू शकतो, मॅडम, शेरा सोडून…’ म्हटलं, पुढचं मला पाठ आहे.

चिडून म्हटलं, द्या तुमचं ते सगळं. आली यादी. एकशे त्रेसष्ट खर्च, आणि त्यात मधेच एक रोपवाटिका. आम्ही कधी गेलो होतो रोपवाटिकेत? म्हटलं, सापडली बँक! रीतसर तक्रार ठोकली, हा खर्च आमचा नाही. चार दिवसांनी पाकीट आलं. ‘तक्रारीसंदर्भात व्यवहाराचा संपूर्ण तपशील पुढीलप्रमाणे.’ तारीख, दुकान, रक्कम, आणि खाली… ‘शेरा : गुलाब. आधीचा हिने मारला.’

मी जिन्यातच बसले. पोस्टमन म्हणाला, ‘ताई, पाणी आणू का?’ म्हटलं, नको, मी हसतेय.

तुम्हाला सांगते, आमच्या खिडकीतला गुलाब तीन वर्षांपूर्वी पार सुकला होता, आणि एका सकाळी बघते तर तरारलेला. सगळ्या बिल्डिंगला मी सांगत सुटले, माझ्या हाताला गुणच आहे तसा. आणि हा माणूस शेजारी चहा पीत बसलेला… गप्प.

म्हणजे बघा, सरळ मागितलं तर शेरा सोडून सगळं, आणि भांडलं की शेऱ्यासकट. दुसऱ्या दिवशी परत फोन. तोच मुलगा. ‘कोणत्या व्यवहाराबद्दल तक्रार आहे, मॅडम?’ ‘सगळ्या.’ ‘सगळ्या?’ ‘राहिलेल्या एकशे बासष्ट.’ ‘मॅडम, यात तर तुमच्याच चष्म्याची काच आहे.’ ‘असू दे. माझी तक्रार आहे.’ त्यानं खडखड करत काहीतरी टाइप केलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘मॅडम, एका फोनवर पाचच तक्रारी घेता येतात.’ आणि वर, ‘दिवसातून किती फोन करायचे, याला मात्र बंधन नाही.’

मग काय, सकाळी चहानंतर एक, दुपारी एक. एकतीस तारखेला बँक बंद व्हायच्या आत शेवटची तक्रार गेली. पोस्टमन आता बेल न वाजवता हाकच मारतो, ‘ताई, तुमचं भांडण आलं.’ ‘छत्री. ही म्हणाली ऊन पडेल.’ ‘बूट. हिला आवडले. चावतात.’ ‘दोन तिकिटं. ही झोपली. मी उठवलं नाही.’ ‘डॉक्टर. हिला नंतर सांगेन.’ …त्यावर मी काही बोलणार नाही.

पण गुलाबाचं मी सोडलं नाही. फेरविचाराचा अर्ज केला. त्यातही कारणाचा रकाना, तोही चाळीस अक्षरांचा. मी लिहिलं, ‘मी नाही मारला. कीड लागली होती.’ काल उत्तर आलं, शिक्क्यासकट. वर ह्यांचा शेरा, खाली माझी तक्रार, आणि त्याखाली, ‘दोन्ही बाजू तपासल्या. ग्राहकाची तक्रार फेटाळण्यात येत आहे. मूळ शेरा कायम.’

सासूबाई ह्यांच्या बाजूच्या, नणंद ह्यांच्या बाजूची, माझी सख्खी आईसुद्धा ह्यांच्याच बाजूची… आता बँकही. राहू दे. चला, उठते, गुलाबाला पाणी घालायचंय… बेतानंच घालते हल्ली.