चारशे दाणे आणि आमची सालेहा

न्हाई, मला एक सांगा, बी.एस्सी. केमिस्ट्री फर्स्ट क्लास झालेली, जालन्याला बियाण्याच्या कंपनीत लॅबमधे पांढरा कोट घालून पंख्याखाली बसणारी पोरगी एक दिवस बॅग उचलून घरी येती आन् म्हणती, मला तत्त्वज्ञानात एम.ए. करायचंय... हिला काय म्हणावं? आता तत्त्वज्ञान म्हंजे काय ते मला विचारू नका, मी आपला तिसरीतून उठलेला माणूस, जाफराबादला चाळीस वर्षं विहिरीच्या जळक्या मोटारी खोलून त्यात तांब्याची तार भरून राह्यलो, तार सोडून मला दुसरं काही कळत न्हाई. पण सालेहा माझी नात हाय, माझ्या कलीमची मोठी, म्हणून तुम्हाला सांगतो. शेजारची सोनूबाई तर लगेच विचारायला आली, "पाशाचाचा, तत्त्वज्ञान म्हंजे ते कीर्तनावानी का? मंग आमच्या सप्त्याला बोलवू की पोरीला." घ्या. म्हणजे आता टाळ पण घेऊन द्या.

नोकरी सोडली का, तर ऐका. लॅबमधे हिचं काम काय, बियाचे चारशे दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे, कपाटात ठेवायचे, आठ दिवसांनी उघडून किती उगवले ते बघायचं, बरे उगवले की अख्ख्या गोदामातला माल पास. इतकं सरळ काम. दोन वर्षं बिलकुल गुमान केलं, मंग एक दिवस तिथल्या साहेबाला विचारती, "सर, हे चारशे उगवले म्हणून गोदामातले बाकीचे उगवतील, हे कशावरून?" साहेब म्हणला, "नेहमी तसंच होतं म्हणून." ही म्हणती, "नेहमी झालं म्हणून पुढंही होईल, हे कशावरून?" साहेबानं हिच्याकडं बघितलं आन् म्हणला, "सालेहा, तू जेवलीस का?"

लोकं नोकरीतून घरी बिमारी घेऊन येतात, भांडण घेऊन येतात... ही सवाल घेऊन आली.

कलीमचं डोकं फिरलं. त्याचं बसस्टँडपाशी चपलांचं दुकान हाय, सवाल विचारणारं गिऱ्हाईक त्याला आधीच चालत न्हाई. तो म्हणला, "ऐक. दुसऱ्या विषयातून येणाऱ्यांसाठी जालन्याच्या कॉलेजात एकच सीट राह्यली, शनिवारी इंटरव्यू. मिळाली तर जा. न्हाई मिळाली तर सोमवारी लॅबमधे वापस, साहेबानं तुझी जागा सोमवारपर्यंत ठेवली हाय, आन् मंग या घरात तत्त्वज्ञानाचं नाव निघणार न्हाई. कबूल?" सालेहा म्हणली, "कबूल." आन् आमच्या घरात एकदा कबूल म्हणलं की संपलं, मंग ते निकाहात म्हणा का भाजी बाजारात.

मंग कलीमनं मला हळूच बाजूला घेतलं. "अब्बा, कागदावर लिहिलंय, घरचं मोठं माणूस संगं पाहिजे. तुम्ही जा. आन् तिथं फक्त नेहमीसारखं बोला."

मी म्हणलो, "नेहमीसारखं म्हंजे?"

"तुम्ही बोलता तसंच. तुमच्या तोंडानं आपल्या खानदानातल्या दोन सोयरिकी मोडल्या, एक सीट काय चीज हाय."

खोटं कशाला बोलू, मलाबी तेच पाहिजे होतं. पोरगी सोमवारी पंख्याखाली जाऊन बसली असती म्हंजे माझा जीव थंड. काळी-पिवळी जीप धरली, आत चौदा माणसं, वाटंत राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी, गाडी नारळाच्या हातगाड्यांमधे अडकली ती हलंना, मी मनात म्हणलो, चला, उशीर झाला, माझ्या तोंडाला काम न्हाई. तर ही पोरगी खाली उतरली, मांडीवरचं मागून आणलेलं पुस्तक बगलेत मारलं आन् एकेक हातगाडी बाजूला करून राह्यली... "मावशी, थोडं मागं घ्या, भैया, जरा बाजू में लो ना." गाडी सुटली. अर्धा तास आधी पोचलो. काय करता?

इंटरव्यूच्या खोलीत टेबलामागं दोघंजण. एक दैवशाला मॅडम, त्या खात्याच्या मुख्य, आवाज तहसीलदारावानी. दुसरे देवानंद सर, चहात बिस्कीट बुडवून बसलेले. मॅडमनी दोन-चार सवाल केले, हिनं जवाब दिले, मला त्यातलं ओ का ठो कळलं न्हाई, मी आपला तिसरीतून उठलेला माणूस. मंग मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तीन वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. वर्गातली बाकीची मुलं तीन वर्षं हाच विषय शिकून आलीत. त्यांच्यासोबत बसून त्यांना मागं ओढाल. तुम्हाला का घ्यावं?"

आन् तुम्हाला सांगतो, ती पोरगी गप झाली. जिनं जन्मल्या-जन्मल्या दाईला सवाल केला असंल, ती गप. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून राह्यली. हळूच म्हणली, "मला माहीत नाही, मॅडम."

झालं की. माझं काम बसल्या जागी झालं. उठायचं, चहा प्यायचा, गाडी धरायची. पण कसं असतं, मोटार खरखर करून राह्यली तर मला त्याचं काही न्हाई, बिमारी कुठं हाय ते कळतं. चालती मोटार एकाएकी गप झाली ना, मला ती खोलल्याबिगर बसवत न्हाई.

मी म्हणलो, "मॅडम, घेऊच नका हिला."

सालेहा दबक्या आवाजात म्हणली, "दादा, तुम चुप बैठो ना."

मी कशाला गप बसतो? मी म्हणलो, "पस्तावाल. ही घरात कोणाला सुखानं भाकर खाऊ देत न्हाई. परवा मी एका गिऱ्हाइकाला म्हणलो, तुझी मोटार व्होल्टेजनं जळाली. ही मागून म्हणती, दादा, तुम्ही जळताना पाह्यलं, का जळाल्यावर ठरवलं? चाळीस वर्षांत हे मला कोणी विचारलं न्हाई. दोन दिवस माझं चित्त लागंना, शेवटी मोटार परत खोलली, तर आत बेअरिंग गेल्तं. हिचं बराबर, माझं चूक. असलं माणूस घरात ठेवावं का, तुम्हीच सांगा. आन् लॅबमधे काय केलं, ते विचारा की." मंग मी ते दाण्याचं सगळं सांगितलं, साहेबाच्या आवाजात सांगितलं, जेवलीस का पर्यंत. मी तक्रारच करत होतो, खुदा की कसम. पण देवानंद सरांचं बिस्कीट चहात पडलं ते त्यांनी काढलं न्हाई, आन् मॅडमनी खुर्ची पुढं ओढली.

म्हणाल्या, "सालेहा, उद्या सूर्य उगवेल यावर तुमचा भरवसा आहे?"

ही म्हणली, "आहे, मॅडम. पण कशाच्या जोरावर आहे ते सांगता येत नाही. आणि ते कळल्याशिवाय माझ्याकडून दाणे मोजवेनात."

तुम्हाला सांगतो, मी मोठमोठे इंजिनेर पाह्यले, पुढारी पाह्यले, मला येत न्हाई हे असं ताठ मानेनं सांगणारं माणूस मी पहिल्यांदा पाह्यलं आन् ते माझ्याच घरचं निघालं. मी तिसरीतून उठलो ते कशानं? मास्तरला विचारल्तं, शून्य म्हंजे काहीच न्हाई, तर लिहायचं कशाला? त्यानं कान पिळला, मी उठलो तो वापस गेलो न्हाई. इथं कोणी हिचा कान पिळला न्हाई. मंग अर्धा तास त्या दोघी अशा भिडल्या, आन् मॅडम दोनदा म्हणाल्या, "थांबा, मला विचार करू द्या." मॅडम. विचार करू द्या म्हणाल्या. हिला.

सीट मिळाली. पालकाची सही करायला कागद माझ्याच पुढं आला, केली.

रविवारी कलीमनं लॅबच्या साहेबाला फोन लावला, की दोन वर्षं तेवढी जागा धरून ठेवा, पोरगी फिरून येईल. साहेब म्हणला, "नको, कलीमभाई. ती गेली, पण इथल्या दोन पोरी आता दाणे मोजता-मोजता थांबतात आणि एकमेकीकडं बघत बसतात."

कलीमनं फोन ठेवला. मंग म्हणला, "अब्बा, तिला जालन्याच्या नव्या खोलीवर काय-काय लागंल?"

मी म्हणलो, "कुकर दे. तीन शिट्ट्या होईपर्यंत तरी गप बसंल."

"तुम्हाला वाटतं?"

मी म्हणलो, "वाटत न्हाई. पण दे."