आधी ‘दुसऱ्या’ म्हणायला शिकवा

ओपन सोर्सचं काय विचारता, आमच्या टीमचं सगळं प्लॅनिंग स्वप्नालीने एका वाक्यात उडवलेलं! कॉलेजचे आम्ही चौघं ठाण्यात खोपटला माझ्या घरी बसलेलो. रोहनला नवीन फीचर टाकायचं होतं, मला अख्खं डिझाइन बदलायचं होतं. स्वप्नालीला दिसत नाही. आम्ही हात घालणार होतो ते स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं, कुणालाही सुधारता येणारं फुकट सॉफ्टवेअर ती रोज वापरते. ती म्हणाली, "आधी त्याला ‘दुसऱ्या’ म्हणायला शिकवा. आठवीपासून मी ‘दुसया’ ऐकतेय."

मग तेवढंच हातात घेतलं. दुरुस्ती पाठवली, तर प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांनी परत पाठवली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. म्हणे, टेस्ट अपुऱ्या आहेत, आणखी शब्दांवर तपासून दाखवा.

रोहन वैतागला, "सोड ना यार, एका अक्षरासाठी किती?"

"दोनदा ‘नाही’ ऐकून दमलास?" स्वप्नालीने शांतपणे विचारलं.

रोहन टेस्ट लिहायला बसला. शब्द तिनेच सांगितले: पायऱ्या, कुऱ्हाड, वाऱ्यावर.

तिसऱ्यांदा दुरुस्ती स्वीकारली गेली. आम्ही अक्षरशः नाचलो. स्वप्नालीने हेडफोन लावून अख्खं पान ऐकलं, मग हेडफोन काढले.

"छान. आता खाली बसा. ‘अठ्ठ्याहत्तर’ म्हणताना ते फार अडखळतं."