वॉटरलू रस्त्यावरची पाटी

(हॅल्डनशॉ. वॉटरलू रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी केलेली जुनी गाडी. चालकाच्या जागी क्लिफर्ड ऑर्मरॉड, शेजारी त्याची मुलगी जनीन.)

क्लिफर्ड : सातही दंड रद्द? नीट वाचलंस ना?

जनीन : सातही. फक्त बससाठी राखलेल्या लेनची वेळ सांगणारी पाटी नियमाप्रमाणे नव्हती, असं लिहिलंय लवादाच्या बाईंनी.

क्लिफर्ड : एकतीस वर्षं या गावात पाट्या मी उभारल्या. आणि कॅमेऱ्यात बघून दंड ठोकणारी पोरं मला रस्ता शिकवणार! चल, तुझ्या आईकडे जाऊ. अकरा वाजले की ती वृद्धाश्रमाच्या दाराकडे बघत बसते.

जनीन : गाडी सुरू करू नका, बाबा. लवादानं तुमचं एक म्हणणं मात्र मानलेलं नाही.

क्लिफर्ड : कुठलं?

जनीन : पाटी चेस्टनटच्या झाडाआड लपते, असं तुम्ही लिहिलं होतंत.

क्लिफर्ड : लपतेच. बघ की समोर.

जनीन : ते झाड वादळात पडलं. दोन वर्षं झाली त्याला. पाटी दाराएवढी आहे, निळी. खाली रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बस' लिहिलंय.

क्लिफर्ड : ...मग मध्ये हे काळं काय आहे?

जनीन : मध्ये काही नाही, बाबा.

क्लिफर्ड : धुकं असेल.

जनीन : लख्ख ऊन पडलंय. कधीपासून होतंय असं?

क्लिफर्ड : नाताळच्या आधीपासून. एका डोळ्यानं सुरुवात झाली. डॉक्टरकडे गेलो असतो तर लायसन्स गेलं असतं. दोन बस बदलून दीड तास लागतो तुझ्या आईकडे जायला. परत यायला दीड. रोज कसं जमणार?

जनीन : मला सांगायचंत.

क्लिफर्ड : तू लीड्सहून रोज येणार होतीस?

जनीन : नाही.

क्लिफर्ड : मग? ...मंगळवारी शाळेजवळ एका सायकलवाल्या बाईनं माझ्या बॉनेटवर थाप मारली. चिडली होती फार. ती कुठून आली, मला कळलंच नाही. मी तिला म्हटलं, तुझीच चूक. घरी येऊन चहा केला आणि तसाच मोरीत ओतला.

जनीन : आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी काढलीत.

क्लिफर्ड : काढली. बुधवारी तिथं तुझ्या आईचे केस धुतात. केस ओले असले की तेवढ्यापुरता तिला मी ओळखू येतो, का ते देव जाणे.

जनीन : किल्ली द्या, बाबा.

क्लिफर्ड : जिंकलो होतो गं मी.

जनीन : हो, जिंकलात.

क्लिफर्ड : ...घे. आता बुधवारचं काय?

जनीन : बुधवारी मी येईन. बाकीच्या दिवसांचं अजून ठाऊक नाही. खोटं नाही सांगत. या, इकडे बसा. आईला काय सांगायचं?

क्लिफर्ड : काही नको. मध्ये ते काळं येतं, म्हणून महिनाभर तिचा चेहरासुद्धा मी डोळ्याच्या कडेनंच बघतोय. तेवढं तिला कळू देऊ नकोस.