आईंच्या खोलीतला फोन

डोंबिवलीच्या टेलिफोन ऑफिसात, तक्रारीच्या रांगेत वासंतीबाईंच्या पुढचं जोडपं हळू आवाजात भांडत होतं. डोळे मिटता येतात, कानांचं काय करणार?

"चल गं घरी. लाइनमन येऊन काय करणारे?"

"आठवडाभर आईंच्या खोलीतला फोन मुका आहे, अजित."

"हॉलमधला चालतोय ना!"

"त्यांना हॉलपर्यंत चालवतं का?"

"अगं, तो... मीच काढलाय."

"काय?"

"मागची वायर. एका लाइनवर दोन फोन असले की नेट रडत चालतं. मोडेमची सगळी सेटिंग्ज बदलून बघितली. वायर काढली तेव्हा कुठे धावायला लागलं."

"आणि आईंना सांगितलं नाहीस?"

"रविवारी जोडणारच होतो."

"अरे, मालूताईंचे दिवस भरलेत! लेकीचा फोन येईल म्हणून आई तो उशाशी घेऊन झोपतात."

"आला फोन तर हॉलमध्ये वाजेल की."

"तू नेटवर बसून लाइन अडवून ठेवलीस तरी?"

त्याने हातातला तक्रारीचा फॉर्म दुमडला.

"काल रिसीव्हर कानाला लावून बोलत होत्या. मला म्हणाल्या, मालू ऐकतेय गं, पण बोलत नाही. रागावलीय का माझ्यावर?"

"हं, पुढचे! तक्रार काय?" खिडकीतून आवाज आला.

अजित बाजूला सरला.

"तुम्ही व्हा पुढे," तो वासंतीबाईंना म्हणाला.