वाडीची डॉक्टरीण

महाडच्या दवाखान्यात नणंदेचा डबा घेऊन बसले होते. सकाळचा जप राहिला होता, म्हणून डोळे मिटले. शेजारच्या बाकावर एक बाई आणि पांढऱ्या कोटातली एक मुलगी बोलत होत्या.

"तुळसाकाकू, साप अकराला चावला ना? मग भिकूकाकांना थेट खाली रस्त्यावर का नाय आणलंत?"

"ह्यांना तुज्या घरी नेलं गो, सेजल. डोलीत घालून, वरच्या आळीत. तुजी वाट बघत बसलो. तू हितं हायस ते कुनाला ठाव? ह्यांचे डोळे मिटाय लागले, तवा खाली आणलं."

"माझ्या घरी? मी कुठं डॉक्टर हाय?"

"मग आयतवारी कोट घालून आख्ख्या वाडीचा बीपी कोण बघत होतं?"

"मी बीएस्सी नर्सिंगला हाय, काकू. हितं महिनाभर शिकायला येते. बीपी बघायचा आणि पट्टी बांधायची, एवढंच येतं मला."

"तवा नाय बोललीस."

"सगळे मला डॉक्टरीण म्हणत होते. मला बरं वाटलं."

"ह्यांना पण बरं वाटलं गो. डोलीत हसत होते. आपली सेजल हाय, म्हणाले, घाबरता कशाला."

दार उघडलं, डॉक्टरांचा आवाज आला.

"भिकूंबरोबर कोण? श्वास मशीनवर आहे. तीन तास कुठं होता पेशंट?"

"घरातच होते, सायेब. आमीच उशीर केला."

"नाही सर. माझ्याकडं नेलं होतं त्यांना. डॉक्टर समजून."