लिंकनच्या पायरीशी काढलेले बूट

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, आई, बोला. मी चारुताच. आवाज असा येतोय कारण आन्या आत्ता कुठे खांद्यावर झोपलीय… नाही नाही, ठेवू नका. मी कुजबुजते, तुम्ही बोला.

पोचला ना सगळा इंग्लिशचा क्लास वॉशिंग्टनला?… मेट्रो बरोबर मिळाली?… मग झालंय काय?

काय गेलं?… बूट?… कुणाचे?… तुमचे? अहो आई, बूट जातील कसे, पायात असतात ना ते?

… काढले?… कुठे काढले?

थांबा हं. मला नीट कळू दे. लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांखाली तुम्ही बूट काढलेत. मोजे आत खुपसलेत, जोड कडेला नीट लावून ठेवलात, आणि अनवाणी वर गेलात दर्शनाला.

… बरं, दर्शनाला नाही, बघायला… नाही हो, हसत नाहीये. आन्या हलली, म्हणून आवाज तसा आला.

अहो पण तिथे कुणीच काढत नाही… हो, खांब आहेत… हो, आत एवढी मोठी मूर्ती बसलीय, मान्य… गार लागतं, गाभाऱ्यासारखं, तेही मान्य. पण घंटा दिसली का कुठे? तीर्थ देत होतं का कुणी?

… भिंतीवर लिहिलंय?… 'टेम्पल' असं?… खरंच? मी पाहुण्यांना घेऊन इतक्यांदा गेलेय तिथे, माझं कधी लक्षच गेलं नाही. आम्ही आपले फोटो काढतो आणि उतरतो… हां, तुमच्या टीचरनं, मार्थाबाईंनी, लायब्ररीत वाचून घेतली होती ती ओळ. आणि तुम्ही ती मनावर घेतलीत… नाही, चूक नाही म्हणत मी. क्लासमधे वाचलेलं पाळणारा विद्यार्थी मार्थाबाईंना पहिल्यांदाच भेटला असेल, एवढंच.

आणि त्या कोरियाच्या किमबाई? त्या होत्या ना बरोबर?… त्यांनीही काढले? तुमचं बघून?… झालं. इंग्लिश कितपत आलं माहीत नाही, पण शिष्या मिळवलीत.

… हो, हो, ऐकतेय. खाली आलात तर दोन्ही जोड गायब… चोर कशाला येईल, आई? तिथे कुणी काही बेवारस ठेवलं की उचलून नेतात… आणि तुमचे बूट चोरून करणार काय तो? तुमच्या सत्यजितनं आणलेले ते पांढरेशुभ्र, होडीएवढे… बरं बरं. चांगलेच आहेत. साडीखाली शोभतात.

मार्थाबाई कुठायत मग?… बाकावर?… 'यू आस्क' म्हणाल्या आणि थर्मासमधून कॉफी ओतून घेतली?… अहो, त्यांचा नियमच आहे तो. शहरात पाऊल टाकलं की बाई मुक्या. जे लागेल ते विद्यार्थ्यांनी विचारायचं.

समोर रेंजर उभा आहे का?… तोच, मोठ्या टोपीचा, तिथला रखवालदार… मग विचारा की त्याला.

… मी?… मी बोलू त्याच्याशी?… आई, थांबा, त्याच्या हातात देऊ नका फोन. आई. कानाला लावा… लावलात?… हं.

ऐका ना. मी दोन मिनिटांत मिळवून देईन तुमचे बूट. पण मग संध्याकाळी तुमच्या लेकाला काय सांगायचं?… काय ठरलं होतं? माझ्यासमोर ठरलंय, डायनिंग टेबलवर… तेच. बाहेर गेल्यावर एकदा जरी घरच्या कुणाला तुमच्या वतीनं बोलावं लागलं, तर क्लास बंद. आणि 'चालेल' कोण म्हणालं होतं?… मान ताठ करून म्हणालात, मी पाहिलंय.

… तो वाईट नाही हो, तो घाबरतो. बाबा गेल्यावर तुम्हाला चिपळूणहून इकडे आणलं, आता तुम्हाला काही झालं तर त्याच्या डोक्यावर, असं वाटतं त्याला… हो, मला माहितीय. घरात बसून तुमचं काय होतं तेही मला माहितीय. शेजारच्या कुत्र्याशी मराठीत बोलत होतात तुम्ही आधी, दुपारभर. तोही बिचारा ऐकून घ्यायचा.

म्हणून सांगते, आज मी नाही बोलणार… नाही, आई… किमबाईंचे पाय गारठलेत तरी नाही… पुढच्या महिन्यात आन्याला डे-केअरमधून तुम्ही आणणार ना? दारातली बाई रोज काहीतरी सांगतेच, पोरगी जेवली नाही, पोरगी चावली. तेव्हाही मला फोन लावणार?

… रडू नका… रडत नाही? बरं, थंडीनं नाक वाहतंय.

येतं तुम्हाला सगळं. कॅपिटलच्या घुमटाखाली काय शिकून आलात?… वर, खाली, आत, मागे. आणि मग माझ्या फ्रिजमधला एकेक डबा कुठे आहे ते मला इंग्लिशमधे ऐकवलंत. विमानांच्या म्युझियममधून आलात ते आठवडाभर फक्त भूतकाळ. 'आय कुक्ड, आय वॉश्ड, आय स्लेप्ट'… मला वाटलं, सासूबाई आत्मचरित्र लिहायला बसल्या… हो, आणि व्हाइट हाउसच्या कुंपणाला धरून 'मे आय कम इन'. नशीब आतून कुणी 'या' म्हणालं नाही.

एवढ्या मोठ्या शहरानं शिकवलंय तुम्हाला, आणि आता बुटांपाशी अडताय?

… शब्द सापडत नाहीत?… चिपळूणच्या मासळीबाजारात शोधत होतात का शब्द? लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याबरोबर गेले होते ना मी. सुरमईचा कल्ला उचललात आणि नुसतं 'हं?' म्हणालात. ती बाई गपचूप दुसऱ्या टोपलीत हात घालायला लागली… मग? तोच आवाज लावायचा… चुकेल तर चुकेल. तो काय मार्क द्यायला उभा आहे?

फोन बंद नका करू. तसाच हातात ठेवा. मी तोंड उघडणार नाही… शपथ… आन्याची नको, स्वतःची घेते.

जा.

…

हं… 'एक्सक्यूज मी'… मोठ्यानं, आई… हां, वळला…

'माय शूज'… 'व्हाइट'… 'माय फ्रेंड शूज ऑल्सो'… छान चाललंय…

बाई गं, का काढले म्हणून विचारतोय… बोला… बोला ना काहीतरी…

… 'बिग मॅन इज सिटिंग. आय रिमूव्ह'… वा… 'युवर वॉल सेज टेम्पल. गो. रीड'… आई, त्याला कुठे वर पाठवताय वाचायला… श्श, मी बोलणार नव्हते.

… शांत का झालं सगळं?… आई?… चालताय का कुठे?… आई?

… हां, आला आवाज. मिळाले?… दोन्ही जोड?… पुस्तकांच्या दुकानात ठेवले होते होय. बघा, मी म्हटलं नव्हतं?… मोजेही आहेत ना?… मग आधी बूट चढवा.

काय म्हणाला तो?… हो, लोक आइस्क्रीम खात खात चढतात, ते तर मीही केलंय… अच्छा, असा मान देणारं पहिल्यांदाच पाहिलं म्हणाला… आणि टोपी काढली त्यानं? आपण होऊन?… तुमच्यासमोर उभा राहून?

… नाही, काही नाही. ऐकतेय… नाही, मी कशाला रडू? आन्याचे केस नाकात गेले… छान झालं, आई. खूप छान झालं. फक्त आता त्याला आंबोळ्या खायला घरी बोलावू नका… बोलावलंत?… बरं, इंग्लिशमधे नीट पत्ता सांगता आला का?… मग येणार नाही तो, सुटलो.

आता ऐका. सत्यजितला यातलं काही कळायला नको. हा फोन झालाच नाही. विचारलंच तर म्हणू, डाळ किती भिजवायची ते विचारायला मीच केला होता…

… का?… का पण?… तुम्ही सांगणार? सगळं?… अनवाणी गेलात तेही?… आणि तो क्लास बंद म्हणाला तर?… 'लेट हिम से'? अहो आई… नाही, बरोबर आहे. मी मधे नाही पडत.

आणि काय?… स्टेशनवर त्यानं गाडी घेऊन यायचं नाही? बसनं येणार?… ड्रायव्हरला विचारून?… बरं. बरं, सांगते.

थांबा, दुसऱ्या लाइनवर तोच आहे बघा. घ्या, जोडून देते… नको? का?… किमबाईंना पाणी कुठे मिळतं ते विचारून द्यायचंय? तुम्ही?… हो, हो, मग जायलाच हवं… त्याला काय सांगू?… तसंच सांगू?… आई?… ठेवलासुद्धा.

हॅलो, हं, सत्यजित… आईंशीच बोलत होते… हो, त्यांनीच केला होता, लिंकन मेमोरियलवरून… मदत हवी होती म्हणून… नाही रे, पडल्या नाहीत. हरवल्याही नाहीत… नाही, मी काहीच केलं नाही. लागलंच नाही… काय झालं ते त्या सांगतील तुला… आत्ता नको लावूस, उचलणार नाहीत. आई बिझी आहे म्हणावं, असा निरोप आहे… हो. तुझी आई.

… क्लासचं मला नको विचारूस. त्यांच्याशी बोल… अं, जरा तयारीनं बोल. आणि स्टेशनवर घ्यायला जाऊ नकोस, बसनं येतायत… एकट्या, हो… खरं नाही वाटत?… हो. मलाही.

घरी ये आणि भात लाव तू. त्या दमून येतील… ठेवते.